पांदण, नहर आणि वाघाची हद्द : सेलू परिसरातल्या कच्च्या वाटांचा आढावा

नागपुरात सायकल चालवणाऱ्यांची कमी नाही. डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली, पुढच्याच वर्षी ट्रान्स-सायबेरियन शर्यतही संपवली, आणि त्यानंतर शहरात लांब पल्ल्याच्या सायकलिंगला चांगलाच जोर आला. पहाटे चारला दिवा लावून २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेवर, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब फेरीवर निघणारे, साडेतेरा तासांच्या आत कार्डावर शिक्के घेऊन परतणारे लोक आता नवलाचे राहिलेले नाहीत. पण हे सगळं सायकलिंग डांबरावरचं आणि सिमेंटवरचं आहे, आणि ते बहुतेक महामार्गावर घडतं. वर्धा रोडने निघालात तर बुटीबोरीपर्यंत ट्रकची सोबत सुटत नाही. म्हणून गेल्या काही वर्षांत जाड टायरच्या, कच्च्या रस्त्यावर पळणाऱ्या ग्रॅव्हल बाइक शहरात दिसू लागल्या तेव्हा साहजिकच प्रश्न आला : चालवायच्या कुठे? जंगल म्हटलं की लोक पेंचकडे, उमरेडकडे बोट दाखवतात. नागपूर आणि वर्ध्याच्या मधे, रस्त्यावरच असलेल्या सेलूचं नाव कुणी घेत नाही. (परभणीचं सेलू वेगळं. रेल्वेचं तिकीट काढताना ही चूक होते. वर्ध्याच्या सेलूसाठी नागपूर-वर्धा मार्गावर ‘सेलू रोड’ नावाचं लहान स्टेशन आहे.)

सेलू तालुक्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणला तर तीन पट्टे दिसतात. दक्षिणेला सिंदी रेल्वेच्या अंगाने सपाट, काळी, भारी जमीन. मधून नागपूर-तुळजापूर महामार्ग जातो, त्यावर केळझर, सेलू आणि पुढे वर्धा तालुक्यातलं पवनार. उत्तरेला जमीन उंचावत जाते, काळी माती विरळ होत मुरूम वर येतो, आणि हिंगणीच्या पुढे सातपुड्याच्या फाट्यांनी वेढलेलं बोर धरण आणि बोरचं जंगल लागतं. टेकड्या उंच नाहीत. दख्खनच्या बेसाल्टच्या, सपाट माथ्याच्या, एकीमागून एक लागणाऱ्या चढउतारांच्या आहेत. घाट चढल्याची शेखी मिरवता येईल असं इथे काही नाही. पण दिवसभर छोटे चढ, छोटे उतार, मधे नाला, नाल्यावर रपटा, पुन्हा चढ असा जो दमवणारा प्रकार ग्रॅव्हलवाल्यांना हवा असतो, तो या उत्तर पट्ट्यात भरपूर आहे.

ग्रॅव्हल बाइक म्हणजे काय, यावर फार वेळ घालवायला नको. रेसिंग सायकलसारखं वाकडं हँडल, त्याहून आरामशीर बैठक, डिस्क ब्रेक, चढासाठी हलके गिअर आणि ३८ ते ५० मिलिमीटर रुंदीचे टायर. टायरमध्ये ट्यूबऐवजी सीलंट भरून हवा कमी ठेवतात, चाळीसच्या टायरला साधारण तीस ते चाळीस पीएसआय, म्हणजे खडी टोचत नाही आणि पकड राहते. गंमत अशी की आपल्या आजोबांच्या काळ्या हर्क्युलिस-अ‍ॅटलसला जो २८ × १½ चा टायर असायचा, त्याची रुंदी चाळीस मिलिमीटरच होती. मास्तर, पोस्टमन, दूधवाले त्याच टायरवर शेताकडे जाणाऱ्या याच पांदणीतून पन्नास वर्षं गेले. त्यांना गिअर नव्हते, रॉडचे ब्रेक पावसात धरत नव्हते आणि त्यांच्या हौसेला कुणी नाव दिलं नव्हतं, एवढाच फरक. म्हणून या वाटांसाठी लाखाच्या घरातली सायकल लागते असं मी मानत नाही. चाळीसचे टायर बसणारी कुठलीही धडधाकट हायब्रिड किंवा एमटीबी चालते.

बाहेर या खेळाची दोन गावं मोठी मानली जातात. अमेरिकेत कॅन्सस राज्यातलं एम्पोरिया. तिथली २०० मैलांची शर्यत २००६ साली सुरू झाली, आज ती ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ नावाने ओळखली जाते. ती फ्लिंट हिल्समधून जाते. तिथे गारगोटीसारख्या टणक दगडाने नांगर चालू दिला नाही, म्हणून गवताळ कुरणं शिल्लक राहिली आणि मैलोन्‌मैल खडीचे रस्ते डांबराविना राहिले. दुसरं, इटलीतलं टस्कनी. तिथले पांढऱ्या मातीचे रस्ते एकेक करून डांबराखाली जाऊ लागले तेव्हा जानकार्लो ब्रोची यांनी १९९७ मध्ये जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ ही फेरी सुरू केली. रस्ता वाचवण्यासाठी त्यावर माणसं आणायची, हा त्यामागचा हेतू होता. २०२२ पासून ग्रॅव्हलची जागतिक स्पर्धाही सुरू झाली, पहिली इटलीतच, व्हेनेतो प्रांतात.

टस्कनीचं उदाहरण आपल्याकडे उत्साहाने सांगितलं जातं : पाहा, कच्चा रस्ता हाच वारसा. सेलूच्या शेतकऱ्यापुढे हे वाक्य बोलून पाहावं. ज्याची कापसाची बंडी नोव्हेंबरात पांदणीत रुतते, ज्याच्या बाळंतिणीला पावसाळ्यात खाटेवर घालून सडकेपर्यंत आणावं लागलं आहे, त्याला कच्चा रस्ता वारसा वाटत नाही. तो रस्ता पक्का व्हावा ही त्याची मागणी न्याय्य आहे आणि आमची हौस तिच्या आड येता कामा नये. मात्र नीट पाहिलं तर दोघांचं हित बरंच अंतर एकत्र जातं. शेतकऱ्याला आधी हवं असतं ते मातीकाम, मुरूम, त्यावर गिट्टी आणि रोलरची दबाई, म्हणजे खडीकरण. सायकलवाल्यालाही नेमकं हेच हवं आहे. चिखलाची पांदण दोघांच्याही उपयोगाची नाही.

पांदण ही या सगळ्या विषयाची किल्ली आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. सेलू तालुक्यात शिवारात जाणारी जवळजवळ प्रत्येक जुनी वाट नकाशात कुठे ना कुठे आहे. उपग्रहाच्या नकाशात ती झाडोऱ्याखाली लपते. खरी सापडते ती गावनकाशात, तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात. तिथे दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट रुंद. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. हा झाला कागद. जमिनीवर दर पेरणीला दोन्ही बाजूंचे धुरे एकेक तास आत सरकतात, आणि वीस-पंचवीस वर्षांत एकवीस फुटांची पांदण सहा फुटांची होते. कुठे मधेच संपते. पुढे तूर उभी असते.

त्यावरचे कायदे जुनेच आहेत. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदार धुऱ्यावरून रस्ता देऊ शकतो. चालू रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते. तहसील कचेरीत या प्रकरणांचे गठ्ठे पडलेले असतात, कारण पांदणीचा तंटा हा बहुतेकदा भावकीचा तंटा असतो. शासनाने २०२१ मध्ये ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते’ योजना रोजगार हमीशी जोडून आणली. २०२५ मध्ये शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्याची नोंद व्हावी, असाही निर्णय झाला. यातलं जे काही जमिनीवर उतरेल ते ग्रॅव्हल सायकलिंगसाठी कुठल्याही पर्यटन योजनेपेक्षा मोठं काम असेल. पर्यटन खात्याला याची कल्पना असेल असं वाटत नाही, आणि नसलेलीच बरी.

खडीकरण झालेल्या पांदणीवर सायकल कशी चालते? पहिल्या वर्षी झकास. मुरूम दबलेला असतो, लालसर, किंचित रवाळ, टायरखाली बारीक करकर आवाज करणारा. पहिला मोठा पाऊस मुरूम धुऊन नेतो आणि खालची गिट्टी उघडी पडते, लिंबाएवढी, धारदार. मग बंडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन चाकोऱ्या पडतात, मधे गवताची वरंबी राहते. सायकलने एक चाकोरी धरायची आणि ती सोडायची नाही. वरंबीवर चढायला गेलात की पुढचं चाक घसरतं. वळणावर, रपट्याच्या उतारावर गिट्टी सुटी होऊन साठते, तिथे पुढचा ब्रेक दाबणारा पडतो. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी असते, धुऱ्यावर पळस, बोरी, बाभूळ, हिवर. बाभळीच्या छाटलेल्या फांद्या कुंपणाला लावतात आणि त्यांचे काटे वाटेत पडतात. पावसाळ्यानंतर सराटेही असतात. ट्यूबचा टायर घेऊन इथे येणाऱ्याने पंक्चरचा सगळा सरंजाम बरोबर ठेवावा. ७०० सी ची ट्यूब तालुक्याच्या दुकानात मिळेल या भरवशावर राहू नये.

आता वाटांकडे. सेलूला लागूनच, बोर नदीच्या काठी घोराड आहे, संत केजाजी महाराजांचं. या भागातले लोक त्याला प्रतिपंढरी म्हणतात. तिथून उत्तरेला हिंगणी, आणि हिंगणीच्या पुढे बोर धरण. सेलूपासून धरणापर्यंत पंधरा-वीस किलोमीटर. डांबरी रस्ता सरळ जातो, पण त्याला समांतर आणि त्याला छेदत शिवारातल्या पांदणी, गावजोड रस्ते आणि नहरीची वाट यांचं जाळं आहे. नवख्याने सुरुवात या पट्ट्यात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. कारण कुठल्याही पांदणीतून चुकलात तरी तासाभरात डांबर सापडतं.

त्यातही नहर. बोर धरण १९६०च्या दशकातलं, आणि त्याच्या कालव्यांनी सेलूच्या शेतीचा चेहरा बदलला. सेलू-पवनारच्या केळीच्या बागा एके काळी नावाजलेल्या होत्या, आता त्या भूतकाळात जमा झाल्या. नहरीच्या भरावावर देखभालीसाठी ठेवलेली वाट असते. पाणी उताराने वाहायला हवं म्हणून नहर समपातळीच्या रेषेला धरून वळणं घेत जाते, आणि तिच्यासोबत वाटही. त्यामुळे टेकड्यांच्या पायथ्याने कित्येक किलोमीटर जवळजवळ सपाट चालवता येतं, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला दहा-बारा फूट खाली शेत. ग्रॅव्हलला याहून चांगली जागा नाही. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. वाट जलसंपदा खात्याची आहे, आपली नाही. कुणी हटकलं तर वाद न घालता उतरावं. दुसरं, रब्बीच्या पाळ्या सुटल्या की अस्तर फुटलेल्या जागी भराव पाझरतो, वाट मऊ होते आणि चाक भरावाला खोल घर पाडतं. ते नुकसान शेतकऱ्याचं. पाळी चालू असताना नहर टाळावी. तिसरं, उपनहरींच्या गेटापाशी वाट अचानक तुटते. लोखंडी दांड्याचं ते गेट, खाली सिमेंटचा कठडा आणि मधे दोन फुटांचं रिकामं. सायकल खांद्यावर घेऊन ओलांडायची.

केळझरची बाजू वेगळी आहे. सेलूपासून दहाएक किलोमीटर नागपूरकडे, महामार्गालाच लागून टेकडी, तिच्यावर विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक सिद्धिविनायक. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच आणि भीमाने बकासुराला इथेच मारलं, अशी गावकऱ्यांची श्रद्धा. मंदिर डांबरी वाटेवर आहे, तिथे ग्रॅव्हलवाल्याला काही मिळायचं नाही. पण केळझर सोडून उत्तरेला हिंगणीच्या दिशेने गेलं की टेकड्या जवळ येतात, बरड वाढतं, शेतं लहान होतात. सेलू-घोराड-हिंगणी-केळझर असा वळसा घातला तर एका हिवाळी सकाळीत मावतो, आणि तालुक्यातली तीनही प्रकारची जमीन टायरखालून जाते. उरलेलं महामार्गाचं अंतर, केळझर ते सेलू, हा या वळशाचा सगळ्यांत धोक्याचा तुकडा आहे. जंगलाचा नव्हे.

पश्चिमेला झडशी-आकोलीच्या अंगाने आणखी एक पट्टा आहे. गावं लांब लांब, हॉटेलं विरळ, चढ लहान पण न संपणारे. सायकलचा सराव असलेल्यांना हा सगळ्यांत आवडावा. दक्षिणेच्या सिंदी रेल्वेच्या बाजूला मात्र फार सांगण्यासारखं नाही. सपाट, उघडा, उन्हाचा मुलूख. तान्ह्या पोळ्याला सिंदीत लाकडी नंदींची मिरवणूक पाहायला जावं, सायकलसाठी नव्हे. सिंदीच्या पांदणी पावसाळ्यात आणि त्यानंतरही महिनाभर बंदच समजाव्यात.

कारण ती काळी माती. तिच्यात चिकणमाती इतकी की ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. ओल्या काळीत सायकल घातलीत तर शे-दोनशे पावलांत माती टायरला, ब्रेकला, चेनस्टेच्या खोबणीत बसते, चाक फिरायचं थांबतं आणि दहा किलोची सायकल वीस किलोची होते. एम्पोरियाच्या शर्यतीत २०२३ साली हेच झालं. पावसाने सुरुवातीचाच एक तुकडा असा चिखलला की जगातले नामांकित स्पर्धक सायकली खांद्यावर टाकून चालत होते, आणि काडीने चिखल खरवडत होते. अनेकांचे गिअर मोडले. सेलूत हे दृश्य पाहायला तिकीट लागत नाही. उपाय एकच : मृग बरसल्यापासून सोयाबीन निघेपर्यंत काळ्या पांदणीचं नाव काढायचं नाही, आणि अवकाळी पाऊस झाला तर दोन उन्हं लागू द्यायची. मुरमाड उत्तर पट्टा मात्र पावसानंतर दुसऱ्या दिवशी चालवता येतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तो दिसतोही देखणा.

दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पण तोच शेतीच्या लगबगीचा काळ आहे, हे शहरातून येणाऱ्याला सांगावं लागतं. ऑक्टोबरात सोयाबीनचं मळणीयंत्र पांदण अडवून उभं असतं. नोव्हेंबरापासून वेचणीच्या बाया सकाळी घोळक्याने वाटेने जातात, संध्याकाळी डोक्यावर कापसाची गाठोडी घेऊन परततात. समोरून बंडी आली तर सायकलवाल्याने उतरून धुऱ्यावर उभं राहायचं, बैल बुजतो म्हणून घंटी वाजवायची नाही. घोळक्याने, एकसारखे कपडे घालून, रांगेत जोरात गेलं तर लोक बाजूला होतात, पण ते मनाने केलेलं नसतं. थांबून दोन शब्द बोललं तर मात्र वाट, पाणी आणि बातमी तिन्ही मिळतं. “तिकडून कायले जाता जी, परवा ढोर मारलं त्यानं,” ही माहिती कुठल्याही अ‍ॅपवर मिळत नाही.

‘त्यानं’ म्हणजे वाघाने. नाव घेत नाहीत.

आणि इथे या आढाव्याचा सगळ्यांत गंभीर भाग येतो. बोरला १९७० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, तेव्हा क्षेत्र ६१ चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. पुढे नवीन बोर आणि नवीन बोर विस्तारित ही अभयारण्यं जोडली गेली, आणि २०१४ मध्ये सगळं मिळून १३८.१२ चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. देशातल्या व्याघ्र प्रकल्पांमध्ये एवढ्या लहान गाभ्याचे विरळाच. गाभा लहान म्हणून वाघ तेवढ्यातच राहतात असं नाही. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा, मेळघाट या सगळ्यांच्या मधे बोर असल्याने इथून वाघांची ये-जा चालू असते. पुढे गाभ्याभोवती ६७८.१५ चौरस किलोमीटरचं बफर क्षेत्र आखलं गेलं. म्हणजे गाभ्याच्या जवळजवळ पाचपट. आणि त्यात गावं आहेत, शेतं आहेत, पांदणी आहेत.

गाभ्यात सायकल नेण्याचा प्रश्नच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश हा गुन्हा आहे, आणि बोर धरणाच्या बाजूचं पर्यटन हे ठरलेल्या गेटातून, ठरलेल्या वाहनातून, गाइडसोबत होतं. ‘ओळख काढून’ आतल्या रस्त्याने सायकली काढल्याचे किस्से कुणी सांगितले तर ते शौर्य समजू नये. प्रश्न बफरचा आहे. तिथले सार्वजनिक रस्ते सगळ्यांना खुले आहेत, गावकरी त्यावरून रोज सायकलने, मोटारसायकलने जातात. कायदा आडवा येत नाही. पण २०१७ साल आठवावं. ब्रह्मपुरीकडे माणसांवर हल्ले करणारी एक वाघीण पकडून जुलैत बोरमध्ये सोडण्यात आली. ती जंगलात टिकली नाही, शेकडो किलोमीटर भटकली, आणखी माणसं मारली, तिला ठार करण्याचा आदेश निघाला, तो हायकोर्टापर्यंत गेला, आणि ऑक्टोबरात कारंजा तालुक्यातल्या सिंदी विहिरी शिवारात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने ती मेली. त्याच वर्षी डिसेंबरात बोरचा प्रसिद्ध वाघ बाजीराव नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत गेला.

या दोन घटनांत ग्रॅव्हल सायकलवाल्याला हवी ती सगळी माहिती आहे. वाघ रस्ता ओलांडतो, वाघ शिवारात येतो, आणि रानडुकरं-रोही आवरण्यासाठी शेताला तार लावलेली असते. सौर झटका मशीनची तार मारत नाही, पण सायकलवरून पाडते. चोरून सोडलेल्या थेट विजेची तार मारते. म्हणून मधेच संपलेल्या पांदणीतून “इथूनच पलीकडे निघू” म्हणत कुंपण ओलांडणं, सायकल तारेवरून पलीकडे देणं, हे प्रकार या तालुक्यात जिवावरचे आहेत. वाघाच्या बाबतीत सायकलचा जो गुण, की ती आवाज करत नाही, तोच इथे अवगुण ठरतो. मोटारसायकलीचा आवाज जनावराला लांबून सावध करतो. सायकल वळणावर एकदम समोर उभी राहते. त्यामुळे हिंगणीच्या वर, आमगाव जंगलीकडे किंवा गायमुखच्या बाजूला जायचं तर सूर्य चांगला वर आल्यावर निघायचं, चारच्या आधी परतायचं, तिघा-चौघांनी बोलत जायचं आणि वाटेत भेटलेल्या ढोरक्याचं ऐकायचं. एप्रिल-मेमध्ये तर त्या बाजूला जाऊच नये. पहाटे मोहफुलं वेचायला आणि नंतर तेंदूपत्ता तोडायला गावंच्या गावं जंगलाच्या काठावर असतात, वाघ पाणवठ्याला धरून असतो, वणवे लागलेले असतात, आणि वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असतो.

माझा निष्कर्ष सरळ आहे : सेलूचं ग्रॅव्हल जंगलात नाही, जंगल आणि महामार्ग यांच्या मधल्या दहा-पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यात आहे. टेकडी तिथूनही दिसते. सागवान तिथेही आहे. सायकलिंग म्हणजे जंगल सफारी असा समज करून आलेल्याची इथे निराशा होईल, आणि त्याने गेटावर जाऊन जिप्सी करावी.

हा मधला पट्टा मात्र आयता राहिलेला नाही. समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून गेला. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, त्यावर सायकलीला आणि मोटारसायकलीला मज्जाव आहे, तो योग्यच आहे. पण भराव, कुंपण आणि संपादित जमिनी यांनी जुन्या पांदणी दुभंगल्या. गावनकाशात सरळ जाणारी दुहेरी तुटक रेघ आता भिंतीसारख्या भरावाला भिडते आणि भुयारी मार्ग शोधत किलोमीटर-दोन किलोमीटर फिरावं लागतं. हा फेरा सायकलवाल्याला हौसेचा, बंडीवाल्याला रोजचा. भरावासाठी लागलेला मुरूम आसपासच्या टेकड्यांतून आणि शेतांतून निघाला. बेकायदा उत्खननाच्या तक्रारीही झाल्या. त्या खड्ड्यांत आता पाणी साठतं, कुठे गुरं पाणी पितात, कुठे काठ ढासळतात. उपग्रहाच्या नकाशात ते तळ्यांसारखे दिसतात. त्यांच्या कडेची वाट दिसते तशी पक्की नसते, हे लक्षात ठेवावं. याउलट तामसवाडा गावाच्या पॅटर्नने नाल्यांचं खोलीकरण-रुंदीकरण झालं त्या शिवारांत नाल्याला पाणी जास्त काळ टिकतं. शेतीला ते वरदान आहे, पण जुने उतार मोडल्याने पूर्वी जिथून सायकल सहज निघायची तिथे आता पुलाची वाट धरावी लागते. जानेवारीत कोरडा समजून आलेला नाला कंबरभर निघू शकतो.

काही उत्साही मंडळी इथे ग्रॅव्हलची शर्यत भरवावी असं म्हणतात. भरवायला हरकत नाही, पण शंभर-दोनशे सायकली एका पांदणीतून वेगाने जाणं आणि चौघांनी गप्पा मारत जाणं यांत फरक आहे. पहिल्यासाठी वाट कुणाची हा प्रश्न टाळता येत नाही. जी पांदण कलम १४३ च्या वादात आहे, तिच्यावर बाहेरच्यांनी बाण रंगवले तर एका पक्षाला तो पुरावा वाटतो आणि दुसऱ्याला अतिक्रमण. जिथे तार आहे तिथे ती त्या दिवसापुरती काढून घ्यावी लागेल, आणि डुकरांनी त्या रात्री चणा खाल्ला तर भरपाई कोण देणार तेही आधी ठरावं लागेल. बफरमधून मार्ग नेला तर वनखात्याची लेखी संमती हवी. नहरीवरून नेला तर जलसंपदाची. तारीख ठरवताना गावचा बाजार, घोराडची यात्रा आणि वेचणीचा भर पाहावा लागेल. यासाठी आधी प्रायोजक गाठण्यापेक्षा तलाठी, पोलीस पाटील आणि ग्रामसभा यांच्याकडे जावं, आणि तेही खरिपाच्या पेरणीआधी. पेरणी सुरू झाली की कुणालाच वेळ नसतो.

एकट्या-दुकट्याला यातलं काही लागत नाही. नागपूरहून सकाळच्या गाडीत सायकल टाकावी, सेलूत चहा घ्यावा, घोराडहून हिंगणीकडे निघावं आणि जी पांदण खडीकरण झालेली दिसेल तीत वळावं. दोन लिटर पाणी जवळ ठेवावं. शिवारातल्या विहिरीवर मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही, पण दुपारी विहिरीवर माणूस असेलच असं नाही.